दोन्ही काचा

“एकच वायर काढायची आहे, दाजी. एक! ती काढा आणि गाडी पास झाली म्हणून समजा.”

“नाही काढणार.”

“कारण?”

“कारण नाही काढणार.”

मेहुण्याने हातातला पाना फरशीवर आपटला. तो गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. चटकन तापायचा आणि आपला आपणच गार पडायचा, म्हणून त्याला सगळे फ्यूज म्हणत. हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीने ठेवलेलं. ती बहीण म्हणजे दाजींची बायको. गेल्या थंडीत ती गेली, आणि गॅरेजात उरली ती अर्धवट गाडी, दाजी आणि हा फ्यूज.

गाडी नवराबायकोने मिळून घरीच बांधायला घेतली होती. लोखंडी नळ्यांचा सांगाडा दाजींनी जोडला, पत्रा दोघांनी ठोकला. बुटकी, दोन माणसांची गाडी, वर कापडी टप. इंजिन मोडीत निघालेल्या मोटरसायकलचं. बायको काचेच्या कारखान्यात कापणीला होती, त्यामुळे पुढची काच हा तिचा प्रांत. वळणदार काच आपल्याच्याने व्हायची नाही, म्हणून तिने मध्ये दांडी घालून दोन सपाट काचा ठरवल्या आणि पुठ्ठ्याचे साचेही स्वतःच कापले. “एक तुमची, एक माझी,” ती म्हणाली होती. “भांडण झालं की आपापल्या काचेतून बघायचं. माझ्या काचेत डोकं घालून मला रस्ता शिकवायचा नाही.”

अडचण होती ती काचेवर धरणाऱ्या वाफेची. बाकीच्या गाड्यांत इंजिनाच्या गरम पाण्याची ऊब आयती काचेवर सोडता येते. हे इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं, त्यात पाण्याचा थेंब नाही. आणि काचेवरची वाफ घालवायची सोय नसेल तर घरी बांधलेली गाडी तपासणीत पास होत नाही. म्हणजे जे काही करायचं ते विजेवर.

फ्यूजने सगळे उपाय सांगून झाले होते. केस वाळवायच्या यंत्रासारखा एक हीटर-पंखा मिळतो, पण त्याला डॅशबोर्डखाली जागा लागते आणि तिथे दाजींचे गुडघे होते. मागच्या काचेला असतात तशा तापणाऱ्या पट्ट्या आतून चिकटवता येतात. “पण तुरुंगातून गाडी चालवतोय असं वाटेल,” असं त्यानेच सांगितलं होतं. साबण चोळला तर थोडा वेळ वाफ धरत नाही, पण तपासणीला साबण चालत नाही. राहिली ती तारांची काच. काचेच्या दोन थरांमध्ये केसाहून बारीक तारा घातलेल्या, समोर बघताना डोळ्यांना जाणवतही नाहीत. काच आतूनच तापते. फक्त वीज फार खाते.

दाजींनी तीच निवडली. इथवर सगळं ठीक होतं. पण फ्यूजला न विचारता ते बायकोचे दोन्ही साचे घेऊन तिच्याच कारखान्यात गेले, दोन्ही काचा तारांच्या करून आणल्या आणि चौकटीत चिकटवूनही टाकल्या. एकीतच तारा घालाव्यात हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्या काचा त्यांच्या लेखी जोडीने मोजायच्या होत्या.

त्याचं फळ आज सकाळी तपासणीच्या शेडमध्ये मिळालं. अधिकारी बाईंनी इंजिन मंद ठेवून सगळं एकदम सुरू करायला लावलं. दिवे, वायपर, दोन्ही काचा. दिवे पिवळे पडले. वायपर काचेच्या मधोमध येऊन शरण आल्यासारखा हात वर करून थांबला.

“काका, त्या पलीकडच्या काचेची वायर काढून या,” बाई म्हणाल्या. माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या. “नियम गाडी चालवणाऱ्याच्या समोरच्या काचेपुरताच आहे. एका काचेवर तुमची गाडी मी लगेच पास करते.”

“आणि नाही काढली तर?”

“तर नापास लिहावं लागेल.”

“मग लिहा. ठळक लिहा.”

तिथून परत आल्यापासून हा वाद चालू होता.

“अंथरूण पाहून पाय पसरावेत, दाजी. तुमचा डायनॅमो हातरुमालाएवढा, आणि पाय कुठवर गेलेत बघा.”

“मग अंथरूण मोठं कर. इलेक्ट्रिशियन तू आहेस ना?”

“इलेक्ट्रिशियन आहे, जादूगार नाही! अहो, काचेवर वाफ कशाची धरते? श्वासाची. आता तिकडे श्वास कोण घेणार आहे?”

बोलून गेला आणि फ्यूजचा चेहरा उतरला. दाजींनी तेलाचे हात पुसले, दिवा मालवला, घरात गेले आणि आतून कडी लावली. फ्यूज अंधारात आपला पाना चाचपडत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता, गार, चिकट, कंटाळवाणा. फ्यूज माफी मागायला म्हणून आला. माफी मागायची सवय नसल्यामुळे छत्री घेऊन नुसताच उभा राहिला. दाजींनी गाडी फाटकाबाहेर काढून ठेवली होती. टप वर, दोन्ही काचांची वीज बंद.

“बरं झालं आलास. समोर उभा राहा.”

“कशाला?”

“उभा राहा म्हटलं ना.”

दाजी आत बसले आणि दार ओढून घेतलं. फ्यूज पावसात समोर उभा. शेजारीण कचरा टाकायला आली, तिने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा फ्यूजकडे, आणि विचारावं की नाही ते न ठरल्यामुळे परत गेली. आधी दाजींच्या काचेवर खालून पांढरं चढू लागलं. त्यांची हनुवटी गेली, मग नाक गेलं. मग पलीकडच्या काचेच्या कोपऱ्यात डाग उमटला, पसरला, दांडीपर्यंत आला. शेवटी दोन्ही काचा सारख्याच पांढऱ्या झाल्या आणि आत कोण आहे, आहे की नाही, काही दिसेना.

दार उघडलं.

“आत किती माणसं आहेत?”

“एक.”

“आणि काचा किती धुरकटल्या?”

फ्यूज ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

“ऐकू आलं नाही.”

“दोन.”

“हा माझ्या एकट्याचा श्वास आहे. तो दोन्हीकडे जातो, मधली दांडी त्याला अडवत नाही. आणि त्या बाजूला वळताना मला तिच्याच काचेतून बघावं लागतं. तुझ्या नियमाला ते माहीत नसेल, मला माहीत आहे. आता शेंडी तुटो की पारंबी तुटो, दोन्ही काचा तापल्या पाहिजेत.”

फ्यूजने छत्री मिटली. पाऊस चालू होता तरी मिटली, आणि तोंडावरचं पाणी बाहीने पुसलं.

“ताईपण अशीच हट्टी होती,” तो म्हणाला.

“माझ्याहून जास्त. तिच्यापुढे मी शेळी.”

“दिवे बदलावे लागतील. एलईडी घालू, त्यांना वीज कमी लागते. डायनॅमोची कॉइल जाड तारेने भरून आणतो. तरी इंजिन मंद असताना दोन्ही काचांना एकदम पुरणार नाही. एक रिले बसवतो, मग काचा पाळीपाळीने तापतील.”

“पहिली पाळी कुणाची?”

“तुमची. चालवणारे तुम्ही आहात. ह्यावर मी ऐकणार नाही, मला पावसात महिनाभर उभं करा.”

दाजींनी तेवढं सोडून दिलं. तीही आधी त्यांच्याच पुढ्यात ताट ठेवायची आणि मग सांगायची, की चव बघायला कुणीतरी हवंच ना.

पुन्हा तपासणीला गेले तेव्हा बाईंनी त्यांना लगेच ओळखलं. “वायर काढलीत?”

“नाही.”

बाईंनी फ्यूजकडे पाहिलं. फ्यूज छपराकडे बघू लागला. बाईंनी पुन्हा सगळं एकदम सुरू करायला लावलं. दिवे पांढरेच राहिले. वायपर न थांबता फिरत राहिला. त्यांनी पाणी उकळायची किटली आत ठेवून काचा मुद्दाम धुरकट केल्या आणि हाताची घडी घालून बघत राहिल्या. दाजींची काच मधून निवळत कडेपर्यंत साफ झाली. बाईंनी शिक्का उचलला.

“थांबा,” दाजी म्हणाले.

“झालं की, काका. पास आहे.”

“दुसरी व्हायची आहे.”

“दुसरी मी बघत नाही. तिला माझ्याकडे रकानाच नाही.”

“तुम्ही नका बघू. मी बघतोय.”

शिक्का हातात तसाच धरून बाई थांबल्या. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. दाजींनी मान वळवली नाही. पलीकडच्या काचेच्या मध्यावर नाण्याएवढा साफ ठिपका उमटला, मग तो ताटाएवढा झाला, मग त्यातून समोरची भिंत दिसली आणि भिंतीवरचा पाण्याचा नळही दिसला.

“हं, आता मारा,” दाजी म्हणाले.

शेडबाहेर पाऊस भुरभुरत होता. फ्यूज हात चोळत पलीकडच्या दाराशी गेला आणि त्याने मूठ धरली.

“तू बसने ये,” दाजी आतून म्हणाले.

“अहो, दाजी! मी वायरिंग केलं! ताई असती तर तिने मला बसवलं असतं.”

“ताई असती तर तुला जागा कुठली उरली असती?”

फ्यूजने हसू आवरत मूठ सोडली. दाजींनी दोन्ही काचांची कळ दाबली आणि गाडी रस्त्यावर काढली.