कोर्टानं कुठं गूळ खाल्ला?

समज, तू एकोणीस वर्षांचा आहेस. दारव्ह्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि रोज सकाळी बोरी अरबच्या रस्त्यावर पाच किलोमीटर पळतोस, कारण तुला पोलीस व्हायचं आहे. उंची बसते. छाती फुगवली की तीही बसते. आता थोडा दम घे आणि स्वतःला शाम म्हण.

शामचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, रस्त्यापासून आत होता. चाळीस घरं, एक निंब, आणि निंबाखाली तांड्याचे प्रमुख, नाईक डोंगरसिंग. तांड्यातलं कुठलंही भांडण त्यांच्यापुढे यायचं. ते दोन्ही बाजू ऐकायचे, तंबाखू मळायचे आणि निकाल द्यायचे. निकाल काहीही असो, शेवट ठरलेला असे. ज्याची चूक, त्याने घरोघरी जाऊन गूळ वाटायचा. सगळ्यांनी तो खाल्ला की गोष्ट संपली. त्यानंतर ती जो कोणी तोंडातून काढेल, त्याने स्वतः गूळ वाटायचा. त्यामुळे तांड्यात जुनी भांडणं जवळजवळ नव्हती.

परीक्षेचा शेवटचा पेपर अर्थशास्त्राचा होता. तो सुटल्यावर कपिल नावाचा वर्गमित्र म्हणाला, "चाल, नदीवर जाऊ." कपिलच्या पिशवीत बिअरच्या चार बाटल्या होत्या. शाम एक प्यायला आणि दुसरी अर्धी. चव त्याला आवडली नाही, पण बाटली उघडून झाली होती.

दुपारी चार वाजता पुलाजवळ पोलिसांची जीप थांबली आणि कपिल पळाला. फौजदार खाली उतरले.

"वय?"

"एकोणीस, साहेब."

"परवाना?"

शामने खिशातून गाडी चालवायचा परवाना काढून दिला. फौजदारांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"फोटो चांगला आला तुहा. मी पिण्याचा परवाना इचारून राह्यलो."

दारू पिण्यासाठी परवाना लागतो हे शामला माहीत नव्हतं. तुलाही माहीत नसेल. आपल्या राज्यात तो लागतो, आणि बिअरसाठी एकवीस, बाकीच्या दारूसाठी पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही.

"साहेब, मी पोलीस भरतीची तयारी करून राह्यलो," शाम म्हणाला.

"मंग चाल. ठाणं आतून पाहून घे."

आधी सरकारी दवाखान्यात त्याचं रक्त घेतलं. मग ठाण्यात दारूबंदी कायद्याखाली गुन्हा लिहिला गेला. दिवेलागणीला शामचे वडील संजय जामिनासाठी आले. घरी जाताना गाडीवरून फक्त एकदा म्हणाले, "नीट धरून बस."

सात महिन्यांनी कोर्टाची तारीख निघाली. वकील म्हणाले, "कबूल करून टाक, आजच मोकळा होशील." न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? शाम म्हणाला, हो. त्याला दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा झाली. तो मागच्या बाकावर बसला. एक माणूस बांधाच्या भांडणासाठी आला आणि गेला. पाच वाजून दहा मिनिटांनी कोर्ट उठलं, तसा शामही उठला. शिक्षा इतकी शांत असते हे पाहून त्याला थोडं आश्चर्य वाटलं.

तांड्यात निंबाखाली बैठक बसली. नाईकांनी तंबाखू मळला.

"पेलास का रे?"

"हो, नाईक."

"आता पेशील?"

"नाही."

"गूळ आन."

शामने चाळीस घरी गूळ वाटला. त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, रुक्माबाईंनी, शेवटचा खडा स्वतः खाल्ला आणि पदराला हात पुसले. गोष्ट संपली. खरोखरच कोणी एक शब्द काढला नाही. शाम पुन्हा पळू लागला.

पुढच्या वर्षी तो भरतीत पळाला, गोळा फेकला, लेखी परीक्षा दिली, आणि यादीत त्याचं नाव आलं. रुक्माबाईंनी ती यादी शेजारच्या लालीबाईंकडून दोनदा वाचून घेतली. मग एक फॉर्म आला. त्यात नाव, गाव, शाळा, आणि चौथ्या पानावर एक प्रश्न: आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? न्यायालयाने शिक्षा दिली आहे काय? पुढे दोन चौकोन होते, होय आणि नाही.

शामचा पेन तिथे थांबला. संजयनी नाईकांना बोलावलं. नाईकांनी चष्मा लावून प्रश्न पाहिला.

"गूळ साऱ्यायनं खाल्ला नं?"

"खाल्ला," संजय म्हणाले.

"मंग नाही लिही. जे संपलं ते नाही."

शामची बहीण बबिता दहा वर्षांची होती. ती दारात बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "पन कोर्टानं कुठं गूळ खाल्ला?"

सगळे हसले. मग नाईक हसायचे थांबले, कारण नियम तो नियम. बबितानं गोष्ट तोंडातून काढली होती. लहान आहे म्हणून तिला अर्धा दंड झाला. तिने वीस घरी गूळ वाटला, आणि कुठल्या वीस घरी ते तिचं तिनं ठरवलं. शामने 'नाही'च्या चौकोनात खूण केली.

पंधरा दिवसांनी चौकशीसाठी ठाण्यातून विजयमाला मॅडम आल्या. हातात फाइल होती. अशा चौकशीत शेजाऱ्यांना विचारतात, म्हणून त्या आधी लालीबाईंकडे गेल्या.

"पोरगा कसा आहे?"

"लय चांगला आहे मॅडम. सकायी उठते, पयते."

"कधी काही भानगड?"

लालीबाईंनी ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि आभाळाकडे पाहिलं. पुढच्या घरी उकंडा नावाचे म्हातारे बसले होते. तोच प्रश्न ऐकून ते बकरीला पाणी पाजायला उठले. त्यांच्याकडे बकरी नव्हती. तिसऱ्या घरात दार लावून घेतलं. मॅडम निंबाखाली आल्या.

"नाईक, इतका मुका तांडा मी नाही पाह्यला."

"आमच्यात संपलं ते, मॅडम."

"काय संपलं?"

नाईक तंबाखू मळू लागले. उत्तर दिलं असतं तर गूळ वाटायला चाळीस घरं होती.

मॅडमनी फाइलमधला कागद काढून शामसमोर धरला. त्यावर त्याचं नाव होतं, वय एकोणीस होतं, आणि खाली कोर्टाचा शिक्का होता.

"हा तूच नं?"

"हो मॅडम."

"आन् फॉर्मात काय लिहिलं?"

"नाही लिहिलं."

"काहून?"

शामने नाईकांकडे पाहिलं, याडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मले वाटलं संपलं."

विजयमाला मॅडमनी फाइल मिटली. त्या चिडल्या नव्हत्या. "हे पाह्य. प्यायलास, शिक्षा झाली, ते सायेब लोकं पाहतीन. वय पाहतीन, गुन्हा केवढा ते पाहतीन. ठेवतीन, नाहीतर काढतीन, ते मले नाही सांगता येत. पन लपवलं असं दिसलं, तं मंग दुसरं काही पाहतच नाहीत."

"आता काय करू?"

"फॉर्म तू भरला. मी कायले सांगू? माह्या अहवालात हा कागद जाईन, तो काही मी थांबवत नाही. उद्या अकरा वाजता यवतमाळले पाठवतो. त्याच्या आधी तुह्या हातचा लेखी खुलासा आला, तं तोही सोबत लावीन."

त्या गाडीवर बसून निघून गेल्या.

"लिहू नको," संजय म्हणाले. "इतकं पयला तू. हातचं कायले घालवतं?"

रुक्माबाई म्हणाल्या, "कागद तं त्यायच्याजवळ आहेच नं." एवढं बोलून त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण उशीर झाला होता. नाईकांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच काही ऐकू न आल्यासारखं केलं.

शाम उठला. तो घरात गेला नाही. तो सरळ बोरीच्या दुकानावर गेला आणि एक भेली गूळ घेऊन आला. उंबऱ्यात बसून त्यानं ती फोडली. मग तो सगळ्यात आधी नाईकांच्या दारात उभा राहिला.

"आता कायचा गूळ?" नाईकांनी विचारलं.

"मी दारू पेलो होतो, नाईक. पोलिसायनं पकडलं, कोर्टानं शिक्षा देल्ली. उद्या मी ते लिहून देऊन राह्यलो. म्हनजे मी गोष्ट काढली. घ्या."

नाईकांनी खडा हातात घेतला. बराच वेळ तो तोंडात टाकला नाही. मग टाकला.

"लिहितानी तारीख बरोबर टाकजो," ते म्हणाले.

पुढचं घर लालीबाईंचं होतं. शामने तिथेही पहिल्यापासून सगळं सांगितलं, बाटली दीड होती हेसुद्धा. लालीबाई म्हणाल्या, "दीड? मी तं चार ऐकल्या होत्या." बबिता ताट धरून त्याच्यासोबत चालत होती. वीस घरं तिला पाठ होती.

चाळिसावं घर त्याचं स्वतःचं होतं. आईच्या हातावर खडा ठेवून शाम आत गेला, कोरा कागद घेतला, वर तारीख टाकली, आणि लिहायला बसला: मी फॉर्ममध्ये 'नाही' असे लिहिले होते. ते खरे नव्हते.