पाण्याची हाक

मित्रांनो, मी जेमतेम एका पानात मावणारी, जुनी स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीने सांगितलेली कामं. ती वाचून जो संगणकाकडून करून घेतो, त्याला शेल म्हणतात.

लालबागच्या आमच्या चाळीत पहाटे थोडाच वेळ पाणी येतं. झोप लागली की बादली रिकामी. म्हणून सरोजिनीकाकूंनी मला लिहिलं. त्या कचेरीत संगणकावर काम करायच्या. पाण्याची वेळ झाली की मी गॅलरीतल्या स्पीकरवर त्यांचाच आवाज लावते, "उठा, पाणी आलं! अहो, तुम्हीसुद्धा!" शेवटचं त्यांच्या नवऱ्याला, हेरंबकाकांना. सगळी चाळ हसायची.

शेल पुष्कळ प्रकारचे असतात. प्रत्येकाच्या आपापल्या खास सोयी. पण सगळ्यांना समजतील असे सामाईक नियमही ठरलेले आहेत, त्यांना पॉझिक्स म्हणतात. काकूंनी त्याबाहेरचा एक शब्द माझ्यात घातला नाही.

शेजारचा अनिश चिडवायचा, "काकू, माझ्या शेलमध्ये हे अर्ध्या ओळीत होतं. कशाला एवढं टाइप करता?"

"उद्या तुझा शेल नसला तर? चाळ काय तुझ्या एकट्याची आहे?"

काकू गेल्या. मी हाक मारत राहिले. मग जुना संगणकच बंद पडला.

अनिशने छोटा नवा संगणक आणला. त्याचा शेल फक्त ते सामाईक नियमच जाणणारा. आपल्या शेलच्या खास सोयी वापरून लिहिलेली अनिशची जिन्यातल्या दिव्यांची स्क्रिप्ट त्यावर दुसऱ्याच ओळीला अडली.

"काका, इथे शेल वेगळा आहे. काकूंचीही नाही चालणार. मी नवी लिहितो, साधी घंटा वाजवू."

"घंटा नको रे. आधी तिची चालवून बघ."

काकूंचा आवाज आणि मी एकाच पेन ड्राइव्हवर होतो. नव्या शेलने मला वाचायला घेतलं. एक ओळ गेली, दुसरी गेली. त्याला काहीच परकं वाटलं नाही. भरदुपारी गॅलरीत आवाज घुमला, "उठा, पाणी आलं! अहो, तुम्हीसुद्धा!"

चाळीतल्या चंपाआजी कळशी घेऊन धावल्या. नळ कोरडा. "मेल्या अनिशा, पाणी खंय आसा?"

हेरंबकाका हसले. मग बराच वेळ स्पीकरकडे बघत राहिले. अनिशने मला समोर ठेवून आपली दिव्यांची स्क्रिप्ट नव्याने लिहिली.

मित्रांनो, माझ्यात बदल करायचा तर जरूर करा. फक्त सगळ्यांना समजेल असंच लिहा. पुढे कुठलं यंत्र येईल, कोणाला ठाऊक?

हेरंबकाका हल्ली माझ्या आधीच उठतात. बादली नळाखाली लावतात आणि स्पीकरखाली येऊन उभे राहतात. त्यांना उठवायची गरज उरलेली नाही. तरी मला हाक चुकवून चालणार नाही.