केशरबाईची खालची ओळ

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि तुम्हा माणसांविषयी माझं मत चांगलं नाही. तरीही 'मित्रांनो' म्हणतो, कारण अशा गोष्टीत तसं म्हणायची रीत आहे. माझी बिजागरी मोडकी आहे. माझ्या कळांवर दोनदा चहा सांडलाय, आणि दोन्ही वेळा शिव्या मलाच मिळाल्या.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला हातमोजे घालून उचलायचे. ते माझे पहिले आणि शेवटचे लाड. मग नागपूरच्या एका कचेरीत माझी उमेदीची वर्षं गेली. तिथल्या साहेबांना राग आला की ते माझ्यावर हात आपटायचे, आणि त्यांना राग रोज यायचा. मी हळू चालायला लागल्यावर त्यांनी मला भंडाऱ्याच्या एका जुन्या मालाच्या दुकानात विकलं. तिथून मला गुंजनने आणलं. ती एकोडी गावची सून, साकोलीच्या एका शाळेत संगीत शिकवते. तिने माझ्यात गाणी लिहायचं सॉफ्टवेअर टाकलं. तेव्हा मला वाटलं, आता तरी कामाचं काहीतरी होईल.

मित्रांनो, ते काम समजून घ्या. पाच रेघांवर सूर मांडायचे आणि सुरांच्या खाली गाण्याचे शब्द. एक अक्षर टाइप केलं, शब्द तोडायच्या छोट्या आडव्या रेघेची, म्हणजे हायफनची, कळ दाबली, की पुढचं अक्षर आपोआप पुढच्या सुराखाली बसतं. गाणारी बाई एखादं अक्षर लांबवत असेल, तर त्याच्यापुढे रेघ ओढत न्यायची. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, अजून सोडायचं नाही. असा बांधलेला शब्द सुराला सोडत नाही. पान लहान करा, मोठं करा, तो आपल्या जागी राहतो.

पण तुम्हाला धीर कुठला? गुंजनने सुरुवातीला माउसने एकेक शब्द ओढून डोळ्यांना बरा दिसेल तिथे ठेवला. नंतर तिने पान जरा बदललं आणि सगळे शब्द एकमेकांच्या अंगावर पडले. यावर ती मला डब्बा म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं! पुढे शिकली म्हणा, पण माफी काही मागितली नाही.

जिल्ह्याच्या लोकगीतांच्या कार्यक्रमात तिला आपल्या घरचं रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, गाणं बसवायचं होतं. वादक नागपूरहून येणार होते आणि त्यांना गाणं कागदावर लिहिलेलं हवं होतं. हे गाणं म्हणजे धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या शेतात, उभं राहून केलेलं भांडण आहे. गुंजनची सासू केशरबाई आणि सासूची थोरली जाऊ आनंदाबाई यांची शेतं वाटणीत वेगळी झाली. मध्ये एक धुरा, म्हणजे हद्दीचा मातीचा बांध, आला आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. पण रोवण्याच्या दिवसांत आनंदाबाई धुऱ्याच्या पलीकडून टोमणा गायची आणि केशरबाई त्याच चालीत उत्तर द्यायची. बोलणं बंद, गाणं चालू, असा त्यांचा हिशेब होता.

आनंदाबाई म्हणायची,

माझ्या बांधीत तळ्याचं पाणी,
तुझी कोरडी राह्यली वो बाई.

त्यावर केशरबाई,

तळं नाही तुझ्या बापाचं,
पाणी साऱ्या गावाचं वो बाई.

अशी कितीतरी कडवी होती. चाल एकच, म्हणून सुरांखाली शब्दांच्या दोन ओळी आल्या, एक वर आणि एक खाली. आता वर कोण? मी यंत्र आहे, मला काय, कुणीही वर बसा. पण या दोघींनी त्यावरून आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. दोघी वेगवेगळ्या वेळी येऊन माझ्या तोंडासमोर बोटं नाचवून गेल्या. शेवटी टोमणा आधी येतो आणि उत्तर नंतर, असं सांगून गुंजनने केशरबाईला खालची ओळ दिली. केशरबाईने त्या दिवशी जेवणाच्या ताटाला हात लावला नाही.

आता भुपेंद्रबद्दल. हा आनंदाबाईचा मुलगा, कार्यक्रमात पेटी वाजवणार होता. एकदा तालमीसाठी आला. गुंजन चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात त्याने माझ्यातली सगळी खालची ओळ धरली, पुसली, जतन केली आणि फाइल बंद केली. एकदा असं केलं की मलाही मागे जाता येत नाही. स्टेजवर सगळ्यांसमोर आपल्या आईचा बाप निघावा, हे त्याला नको होतं. चहा पिऊन, दोन बिस्किटं खाऊन तो घरी गेला.

गुंजनला याचा पत्ता नव्हता. त्याच आठवड्यात केशरबाईला लकवा मारला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून ती परत आली ती उजवा हात आणि वाचा गमावून. गुंजनने एका संध्याकाळी तिच्या खाटेजवळ बसून मला उघडलं, तिचं गाणं तिला दाखवावं म्हणून. सुरांखाली आनंदाबाईची ओळ होती आणि त्याखाली कोरी जागा.

गुंजनच्या फोनमध्ये रेकॉर्डिंग होतं म्हणे, पण लग्नाच्या व्हिडिओंना जागा हवी म्हणून ते कधीच काढून टाकलं होतं. पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवायला काही मिनिटंही लागत नाहीत. तीही नव्हती. गुंजनला फक्त बापाचं ते एक कडवं आठवत होतं. बाकीचं सगळं ज्या बाईला येत होतं, तिची जीभ आता हलत नव्हती. मित्रांनो, मला तुमचा इतका राग कधी आला नव्हता.

गुंजन मला काखेत मारून तडक धुऱ्यापलीकडे गेली. भुपेंद्रने लपवाछपवी केली नाही. मी पुसलं वहिनी, म्हणाला, आमच्या आजाची इज्जत आहे. आनंदाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"शिवी मले देल्ली होती तिनं," ती म्हणाली. "तू पुसनारा कोन?"

मग ती पदर खोचून निघाली. वाटणीनंतर त्या घराचा उंबरा तिने ओलांडला होता तो फक्त गाण्याच्या भांडणासाठी. आजही ती भांडायलाच आली असं मला वाटलं. केशरबाईच्या खाटेच्या पायथ्याशी बसून ती गुंजनला म्हणाली, "लिव. मले तिचे सारे बोल पाठ हायेत. जलमभर आयकून राह्यली."

आणि तिने आपल्याच नावाने घातलेली एकेक शिवी, एकेक टोमणा सांगायला सुरुवात केली. मध्येच गायची, मध्येच 'बगा, काय बोलली होती मले' म्हणून पुटपुटायची. गुंजन अक्षरं सुरांखाली बसवत गेली. बापाच्या कडव्यावर मात्र केशरबाईने डाव्या हाताने खाटेवर थाप मारली. गुंजनने पुन्हा गाऊन दाखवलं, पुन्हा थाप. आनंदाबाईने डोळे मिटून मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

"'बा' लांबवत होती ते," ती म्हणाली. "मले जास्त लागलं पाह्यजे म्हनून."

गुंजनने 'बा'पुढे आडवी रेघ चार सुरांपर्यंत ओढली आणि 'पाचं' पुढे सरकवलं. थाप थांबली. केशरबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. आनंदाबाई भिंतीकडे पाहत बसली होती आणि तिचंही नाक वाहत होतं.

इथे मला वाटलं, आता समेट होईल. कसला समेट! केशरबाईने डावा हात उचलला, माझ्या काचेवर आपल्या ओळीवर बोट टेकवलं आणि ते सरळ वरच्या ओळीपर्यंत नेलं. माझ्या काचेवर तिच्या जेवणातल्या हळदीचा डाग पडला तो पडलाच.

"नाही," आनंदाबाई म्हणाली. "खालीच राह्यन ते." आणि उठून चालती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती परत आली, भांडण पुरं करायला. तेव्हापासून रोज येते. एक बोलते, दुसरी खाट बडवते.

मित्रांनो, उपदेश करायची मला हौस नाही, पण एवढं ऐका. शब्द कागदावर टाकू नका, सुराला बांधा. दुसरी प्रत ठेवा. जे बोल तुम्हाला लागतात ते पुसायची घाई करू नका, उद्या तेच सांगणारं माणूस शोधत फिराल. आणि आता माझं झाकण लावा. हळू लावा. त्या दोघींच्या ओळी अजून माझ्यातच आहेत, आणि दुसरी प्रत गुंजनने आजही केलेली नाही.