शनिवारच्या तीन बशा

दुकानातलं चॉकलेट नापास होऊ शकतं, यावर ताईला भेटेपर्यंत कोणाचा विश्वास बसला नसता. ती सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. गुण देताना तिचा हात असा आखडता, की बाईंकडून अर्धा गुण वाढवून घेण्यापेक्षा दगडातून पाणी काढणं सोपं, असं मुलं म्हणायची. निवृत्तीनंतर तपासायला पेपर उरले नाहीत, म्हणून तिने चॉकलेटं तपासायला घेतली.

तिची धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. वय एक्कावन्न, निम्मे केस पांढरे, तरी घरात तिचं नाव बारकीच. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. कोणी चौकशी केलीच तर ताई सांगायची, आमच्यातल्या एकीला कोणी पसंत पडलं नाही आणि दुसरीला विचारायला कोणी धजावलं नाही; कोण कोणती ते तुम्हीच ठरवा.

शनिवारी बारकीला अर्धा दिवस सुट्टी. येताना कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानातून ती तीन चॉकलेटं आणायची. कधी दुधाची, कधी काळी कडू, कधी बदाम घातलेली, तर कधी वर मिठाचे खडे पेरलेली, कारण हल्ली लोकांना कशाचंही कौतुक वाटतं. स्वयंपाकघरात दोघींपैकी जिची पाळी असेल ती कागद काढायची, सारखे तुकडे करायची आणि तीन बशांत मांडायची. कुठल्या बशीत काय, हे मांडणारीलाच ठाऊक. चार वाजता दोघी टेबलाशी समोरासमोर बसायच्या. एक तुकडा, एक घोट पाणी, मग पुढची बशी. बोलायचं नाही, आपापल्या चिठ्ठीवर दहापैकी गुण लिहायचे, आणि शेवटी चिठ्ठ्या शेजारी ठेवून मनसोक्त भांडायचं.

भांडण ठरलेलं. बारकी काहीही खाल्लं तरी सहसा सहाच्या खाली उतरायची नाही. ताई म्हणायची, हे चॉकलेट नव्हे, साखरेला तपकिरी रंग दिलाय, आणि तीन द्यायची. एका वेफरच्या चॉकलेटला तिने दोन दिले होते, तेही वेफर मोडताना आवाज झाला म्हणून. या खेळात आणखी एक गंमत होती, तिला त्या ‘चोर’ म्हणायच्या. मांडणारीने वाटलं तर दोन बशांत एकच चॉकलेट ठेवायचं आणि दुसरीने ते पकडायचं. बारकी दर वेळी फसायची. ताईने मात्र एकही चोर सुटू दिला नव्हता. तुकडा जिभेवर ठेवला न ठेवला तोच ती म्हणायची, ‘‘चोर.’’ आणि मग आठवडाभर तोऱ्यात वावरायची.

मागच्या वर्षी ताईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. केस गेले, अंगावरचं मांस गेलं, ताट पुढे आलं की ती तोंड फिरवू लागली, शनिवारच्या बशाही बंद पडल्या. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी औषध बदललं. पहिल्या दोन सलाईननंतर त्यांनी बारकीला बाजूला घेऊन सांगितलं, की या औषधाचा उपयोग व्हायला लागला तर आधी तोंडाला चव येईल, मग भूक लागेल. तेवढं लक्ष ठेवा.

बारकीने लक्ष ठेवलं. त्या शनिवारी तिने जीव मुठीत धरून बशा मांडल्या. ताईने तिन्ही तुकडे खाल्ले आणि सहा, साडेसात, आठ असे गुण दिले. बारकी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली, आनंदाने. मग पुढच्या शनिवारीही गुण आले, त्याच्या पुढच्याही. ताट तसंच परत जात होतं. पण चव आलीय, भूकही येईल, असं बारकी स्वतःला सांगत राहिली. ताईच्या चिठ्ठ्या ती पर्समध्ये ठेवायची. एकदा तर तिने त्या डॉक्टरांनाही दाखवल्या. ते हसले आणि म्हणाले, छान, पण तपासणीचा रिपोर्ट येऊ द्या.

एक गोष्ट तिला खटकायला हवी होती. आता दोघींचे गुण जुळायचे, फार तर अर्ध्याचा फरक. जन्मात ज्यांचं एका चॉकलेटवर एकमत झालं नाही, त्यांची भांडणंच बंद झाली होती. आजारपणाने ताई मवाळ झाली, असं बारकीने मानून घेतलं. माणसाला हवं तेच दिसतं, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर सांभाळणारी बाईही त्याला अपवाद नसते.

तपासणीच्या आधीच्या शनिवारी ताई अगदीच गळून गेली होती. तिला हसवावं म्हणून बारकीने, आजार सुरू झाल्यापासून प्रथमच, चोर ठेवायचं ठरवलं. तोही साधासुधा नाही. तिन्ही बशांत एकच, नेहमीचं दुधाचं चॉकलेट. ताई दुसऱ्याच बशीला पकडेल, कपाळाला हात लावेल, गाढव म्हणेल आणि आठवडाभर तोऱ्यात राहील. तो तोराच बारकीला तिला द्यायचा होता.

पहिल्या बशीला बारकीने चेहरा कोरा ठेवला. दुसऱ्या बशीला हसू येऊ नये म्हणून ओठ चावला. तिसऱ्या बशीपर्यंतही ताई काही बोलेना, तेव्हा तिला इतकी मजा वाटली की ती चघळायचीच थांबली. ताईने चिठ्ठी सरकवली. सात, चार, नऊ. शेजारी लिहिलं होतं, दुसरं घशाला खवखवतं, तिसरं उत्तम.

बारकी हसली. ताई आपल्यालाच उलटं बनवतेय, असं तिला क्षणभर वाटलं.

‘‘ताई, तिन्ही एकच होती की.’’

ताई हसली नाही. तिने चिठ्ठी ओढून घेतली, पालथी केली आणि तिची घडी घालत बसली.

‘‘कधीपासून?’’ बारकीने विचारलं.

‘‘पहिल्या सलाईनपासून. सगळं मेण चघळल्यासारखं लागतं. पाणीसुद्धा.’’

‘‘मग हे गुण?’’

‘‘तुझ्या तोंडाकडे बघून. आवडलं की तू चघळायची थांबतेस. नाही आवडलं की ओठ आत घेतेस. एक्कावन्न वर्षं बघतेय, त्यात काय अवघड आहे?’’

म्हणूनच चार महिने ती बारकीला खिडकीसमोर, उजेडात बसायला सांगत होती. मला का नाही सांगितलंस, एवढंच बारकी पुन्हा पुन्हा विचारत राहिली. शेवटी ताईने सांगितलं. डॉक्टर बारकीशी चवीचं बोलत होते, तेव्हा ती पडद्याआड कपडे बदलत होती, बहिरी झाली नव्हती. नंतर बारकीचा चेहरा बघवत नव्हता. शनिवारी ताईने गुण दिले आणि कित्येक दिवसांनी बारकी पोटभर जेवली. मग थांबायचं कसं? कॉपी करणाऱ्या मुलांना जन्मभर वर्गाबाहेर काढलं, ताई म्हणाली, आणि म्हातारपणी स्वतःच कॉपी केली, तीसुद्धा तुझ्यासारख्या ढ मुलीची.

बारकीला हसता आलं नाही. जगातली एकमेव चांगली बातमी ती चार महिने पर्समध्ये घेऊन हिंडत होती, आणि ती खोटी होती. त्याहून वाईट म्हणजे ती खोटी आहे हे तिनेच उघड केलं होतं, ताईला जिंकू द्यायच्या नादात. आजाराने सगळं नेलं तरी ताईच्या हातात एक गोष्ट उरली होती, बहिणीला फसवून दोन घास खायला लावायची. तीही बारकीने काढून घेतली. बशा धुताना तिला स्वतःचा इतका राग आला की एक बशी तिने मुद्दाम आपटून फोडली.

ताई तिच्या मागे येऊन उभी राहिली. खेळ बंद करायचा नाही, असं तिने बजावलं. आता चिठ्ठ्या नकोत. तू खा आणि कसं लागतं ते मला तोंडाने सांग, मी ऐकेन.

मंगळवारी तपासणी झाली. गुरुवारी बारकी एकटीच रिपोर्ट आणायला गेली. डॉक्टर कमी बोलले. आजार यकृतात पोचला होता. आता औषध थांबवायचं आणि त्यांना दुखणार नाही एवढं बघायचं. काही आठवडे, ते म्हणाले; किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. घरी येऊन तिने ताईला सांगितलं, की रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे. एवढा एक शनिवार जाऊ दे, मग सांगू, असं तिने ठरवलं होतं.

शनिवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फ्रेम घालून बघायच्या आरशासमोर उभी राहून तिने सराव केला. तोंड हलवायचं, मधेच थांबायचं, डोळे जरा बारीक करायचे. आवडतं चॉकलेट खाणाऱ्या बाईचा चेहरा तिला पाचव्या-सहाव्या प्रयत्नात जमला. मग तिने ताईची सगळ्यात नावडती तीन चॉकलेटं विकत घेतली, निदान नावं ऐकून ताईला त्यांना शिव्या तरी देता याव्यात म्हणून.

चार वाजता ती खिडकीसमोर बसली. ताई उशीला टेकून बसली होती, हातात काहीच नव्हतं. बारकीने पहिला तुकडा तोंडात घातला.

‘‘हे ना, आधी गोड लागतं,’’ ती म्हणाली. ‘‘भलतंच गोड. आणि मग जरा...’’

पुढचा शब्द तिला सापडेना. ती चघळायची थांबली, सराव केला होता तशीच. डोळे बारीक केले. ताई तिच्याकडे बघत होती, उत्तरपत्रिकेवरून नजर खाली न्यावी तशी, शेवटच्या ओळीपर्यंत.

‘‘मग जरा काय?’’ ताईने विचारलं.

बारकीची हनुवटी थरथरायला लागली, ती तिला आवरेना.

ताईने हात पुढे करून तिच्यासमोरच्या बशा बाजूला सरकवल्या आणि पाण्याचा पेला तिच्याजवळ आणला.

‘‘कळलं मला,’’ ती म्हणाली. ‘‘रड, पण आधी तोंडातलं गिळ. ठसका लागेल.’’

बारकीने गिळलं.