डोकं सारखं, शेपूट वेगळं

मावशी हॉस्पिटलच्या स्टोअरमधून डबे वॉर्डात पोचवायच्या. सहा महिन्यांच्या टेम्पररी नोकरीचा हा शेवटचा आठवडा होता. शुक्रवारी स्टोअरकीपरने चांगला शेरा दिला तर नोकरी कायम, नाहीतर बसा घरी.

इंग्रजी वाचायला त्या पन्नाशीत शिकल्या, तेही सुनेकडून, ओट्यापाशी भाजी निवडता निवडता. सून म्हणाली होती, "आई, या शब्दांची डोकी सगळी सारखीच. डोक्यावर अंगठा ठेवायचा आणि शेपूट वाचायचं." ट्रान्सफ्यूजन म्हणजे रक्त, ते वॉर्डात. ट्रान्सफर दुसऱ्या हॉस्पिटलच्या गाडीत. ट्रान्सप्लांट थेट ऑपरेशनला. सहा महिन्यांत एक डबा इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि मावशींना त्याचा अभिमान होता.

नव्या स्टोअरकीपरला मात्र लांबलचक काही खपायचं नाही. त्याने नखाएवढी लेबलं आणली. सोमवारी सकाळी टेबलावर तीन डबे, तिन्ही टेप लावून बंद, आणि तिन्हींवर नुसतं 'ट्रान्स'. मावशींनी अंगठा ठेवला, तर वाचायला काही उरेचना.

"साहेब, रक्ताचा कोणता?"

"डावीकडचा असेल."

"असेल, की आहे?"

"मावशी, तुम्हाला डबे उचलायला ठेवलंय. आम्हाला अक्कल शिकवायला नाही."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज न चढवता त्या स्टुलावर बसल्या. "पूर्ण शब्द लिहा, मग उचलते."

तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर दारात आली. रक्त दहाला लावायचं होतं, अजून पाऊण तास होता, पण डबा कुठे अडला ते बघायला ती आली होती. तिच्यासमोर शोभा झाली म्हणून स्टोअरकीपर जास्तच पेटला. त्याने मेमोचा कागद ओढला, कारणाच्या रकान्यात काहीतरी खरडलं आणि पुढे सरकवला. "करा सही."

मावशींनी कागदावर अंगठा टेकवला.

"यालाही शेपूट नाही. 'डिस' म्हणजे काय साहेब? डिसमिस केलंत, डिसिप्लिन मोडली म्हणताय, की नुसतं डिस्कस करायचंय? तेही पूर्ण लिहा. शुक्रवारी काय व्हायचं ते होऊ दे, अर्ध्या शब्दावर मी सही करणार नाही."

सिस्टर डाव्या डब्याकडे बघत होती. स्टोअरकीपरने पेन उघडलं, मिटलं. मग उठून त्याने त्या डब्याचा टेप सोडला आणि झाकण उचललं. आत रक्त नव्हतं.

त्याने मधला डबा उघडून पाहिला, परत बंद केला आणि त्यावर मार्करने शेवटच्या अक्षरापर्यंत शब्द लिहिला. मावशींनी डोक्यावर अंगठा ठेवला, शेपूट वाचलं आणि डबा उचलला.

दारातून त्या वळल्या. "तो कागद राहू द्या तिथेच. शेपूट सुचलं की बोलवा."