दोन ठोके आणि एक

चैतालीने ती गाडी आमच्या गॅरेजच्या दारात उभी केली तेव्हाच मी हनुमंतांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं, हे काम घेऊ नका. गाडीला नवा निळा रंग होता, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे होते, पण मागच्या दारावरचा पोचा तसाच राहिला होता. दोन वर्षांपूर्वी आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, याच दारातून आत चढवलं होतं. आमच्या भागातली ती एकुलती एक रुग्णवाहिका. आमच्या औंढे गावातली निम्मी आजारपणं तिच्यातून गेलेली.

"पत्र्याला काय म्हाईत कोन झोपलं हुतं," हनुमंत म्हणाले. "आन आपन असलं कवा मानलं का?"

नाही मानलं, खरंच. आमच्या घरात बुद्धवंदना होते. भूत, करणी, उतारा यातलं काही नाही. त्यामुळे काम घ्यावं लागलं.

चैताली लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या बंगल्यात एकटी राहणारी मुलगी. लिलावात निघालेली रुग्णवाहिका तिने हौसेने घेतली होती आणि तिचं फिरतं घर करायला काढलं होतं. थंडीत ती गाडी घेऊन थेट हिमाचलात बर्फात जाणार होती. म्हणून तिला डिझेलवर चालणारा हीटर बसवून हवा होता. सीटखाली डबा ठेवायचा, एक छोटा पंप टाकीतून थेंब थेंब डिझेल ओढणार, ते डब्यात जळणार, गरम हवा गाडीत येणार आणि धूर नळीतून गाडीखाली जाणार. हनुमंतांनी वायरिंग आणि बसवणं घेतलं. गाद्या, आतलं अस्तर आणि गालिचा माझ्याकडे.

हीटर पहिल्यांदा चालू केला आणि पंप वाजायला लागला. टक, टक, टक. एकसारखा. मी कापता कापता थांबले.

लकव्याने आत्याबाईंची वाचा गेली, तेव्हापासून त्या बोटातल्या चांदीच्या वेढ्याने लोखंडी कॉटवर वाजवून मला बोलवायच्या. दोन ठोके, जरा थांबून एक. म्हणजे, शालन, ये. मी चुलीपाशी असो की मोरीत, तिथूनच खेकसायचे, "आले, आले! पंख आहेत का मला?" मग त्या अर्ध्या तोंडाने हसायच्या. आमचं असं बरं चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी त्यांना दुसरा झटका आला. हनुमंत मागे त्यांच्यापाशी बसले, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्यांची ही रांग! सायरन ओरडतोय आणि पुढचे लोक काच खाली करून कणसं खातायत. मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघून शिव्या घालत होते. माझ्या पाठीमागच्या पत्र्यावर दोन ठोके पडले, मग एक. "आले म्हटलं ना!" असं मी मागे न बघताच म्हणाले. पुन्हा ठोके पडले. मग पडले नाहीत.

पंपाचा आवाज ऐकून माझं तोंड कसं झालं असेल, ते हनुमंतांनी पाहिलं. पंप काढला, रबर आणि फोममध्ये गुंडाळून पुन्हा टांगला. मग कान लावला तरी ऐकू येईना. या माणसाची माया अशी मुकी आहे.

दुपारी जेवून ते म्हणाले, "दार लावून तासभर चालवून बघतो. किती गरम होतंय ते कळंल." शेडमध्ये दुसऱ्याचा टेम्पो अडकला होता, म्हणून गाडी अंगणात होती. श्रावणातली झड तिरपी येत होती आणि दाराची रबरं अजून बदलायची होती. माझा नवा गालिचा भिजला असता. आम्ही पावसाळ्यात घराच्या पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टिकचा कागद बांधतो, तशी मी सगळ्या गाडीवर मोठी ताडपत्री ओढली, पार जमिनीपर्यंत आणली आणि कडेने दगड ठेवले.

"आता वारासुदा आत येनार न्हाई," ते आतून म्हणाले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

शेडमध्ये येऊन मी गादीची खोळ शिवायला बसले. धुकं इतकं दाट उतरलं की अंगणातली गाडी दिसेनाशी झाली. आधी ताडपत्रीचा निळा रंग दिसत होता, मग तोही गेला. पाऊस थांबला. पागोळ्या थांबल्या. आमचं कुत्रं उठून आत आलं आणि माझ्या पायाशी बसलं.

टक, टक. मग एक टक.

मी मशीन थांबवलं. आधी मला रागच आला. एवढं रबर गुंडाळून पंप वाजतोच! अर्धवट कामं करायची आणि वर शेखी मिरवायची.

"अहो, पंप वाजतोय तुमचा!" मी ओरडले. आतून उत्तर नाही.

पुन्हा दोन ठोके, थांबून एक. आता जोरात. पत्र्यावर धातूचा आवाज. पंप कधी थांबून वाजत नाही, हे माझ्या लक्षात आलं. कुत्रं धुक्याकडे बघून शेपूट हलवत होतं. आत्याबाई दिसल्या की हलवायचं तसं.

"आले! आले म्हटलं ना!" माझ्या तोंडून निघून गेलं. दोन वर्षांत हे शब्द मी उच्चारले नव्हते. आणि या वेळी मी उठून गेले.

दगड लाथेने उडवले, ताडपत्री ओढली. खालून कोंडलेला गरम धूर तोंडावर आला. दार उघडलं. हनुमंत गादीवर निपचित पडले होते, चेहरा लालबुंद. हाक मारली, हलवलं, उठेनात. मी त्यांना काखेत धरून ओढलं आणि चिखलात आणून टाकलं. "मी आलेय, उठा," एवढंच म्हणत होते. किती वेळ गेला कोण जाणे. त्यांना उलटी झाली आणि डोळे उघडले. मी त्यांना एक चापट मारली आणि गळ्यात पडून रडले.

लोणावळ्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, ताडपत्रीमुळे धूर गाडीखाली कोंडला आणि आत घुसला. तो कुठून घुसला ते आम्हाला कळलं. स्ट्रेचर जिथे बसवलं होतं तिथल्या नटबोल्टांची भोकं बुजवायची राहिली होती. त्यांच्यावर मी गालिचा अंथरला होता.

"बाहेरनं लय ठोकत हुतीस," हनुमंत म्हणाले. "आयकू येत हुतं, पर उठवंना."

"मी कुठे? तुम्हीच आतून वाजवत होता ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई," म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी भोकं बुजवली, धुराची नळी लांब केली, विषारी हवेचा अलार्म बसवला. गाडी दिवाळीनंतर गेली.

जानेवारीत चैतालीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"शालनताई, हीटर एकदम मस्त! फक्त पंपाचं रबर सैल झालंय बहुतेक. काल पहाटे वाजायला लागला. दोनदा, मग एकदा. मी वैतागून बाहेर आले, तर धुराची नळी बर्फाने पार बुजलेली. अलार्मची बॅटरीसुद्धा थंडीने गेली होती, मला कळलंच नसतं. बर्फ काढला आणि आवाजही थांबला. दादांना विचारा ना, रबर कसं घट्ट करू?"

हनुमंतांनी फोन उचलला. "रबराला हात लावू नका," एवढं म्हणाले. फोन त्यांनी माझ्या हातात दिला.

"चैताली," मी म्हटलं, "बॅटरी आजच्या आज बदल. आणि ते वाजलं की मोठ्याने 'आले' म्हणायचं. म्हटलं की लगेच उठून जायचं. बसून राहायचं नाही."