काजाच्या बाई

“ताई, हे रक्त कुणाचं?” कारखान्यातल्या शिंपी मास्तरांनी पांढरा शर्ट दिव्याखाली धरला. गळपट्टीपाशी लाल ठिपका होता.

बाईंनी बोटं उलटसुलट करून पाहिली. तर्जनीत सुई खोल गेली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

“माझंच. धुऊन देते.”

शिलाईच्या त्या कारखान्यात हाताने काजं करणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या गुदाशयात कॅन्सरची गाठ निघाली होती. “जन्मभर दोऱ्याला गाठी मारल्या, त्यातली एक मलाच बसली,” असं त्या तेव्हा लेकीला हसत म्हणाल्या. लेक हसली नाही.

डॉक्टरांनी समजावलं होतं, आधी औषधं, मग ऑपरेशन. गाठ पुरेशी आक्रसली तर शौचाची वाट वाचेल. नाहीतर पोटावर कायमची पिशवी. पिशवीचं नाव ऐकूनच बाईंच्या अंगावर काटा आला. चारचौघींत बसलं आणि वास आला तर? त्यापेक्षा औषधं परवडली. सलाईनमधून ती अंगात जाऊ लागली तसं गार पाणी हाताला काचेसारखं टोचू लागलं. मग बोटांना मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत.

“बोटांना त्रास?” डॉक्टर दर खेपेला विचारत. “असेल तर सांगा, औषध कमी करू.”

“छे, काही नाही.”

औषध कमी झालं की गाठ बळावेल, हीच धास्ती.

त्या डागानंतर मात्र लेकीने धारेवर धरलं. “आई, कधीपासून लपवतेयस? हातच गेले तर करशील काय?”

“बसून राहीन. पण माणसांत बसता तरी येईल.”

लेकीने परस्पर डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते रागावले नाहीत; त्यांनी बोटं बधिर करणारं औषध तेवढं बंद केलं आणि पुढे नवा स्कॅन करवला.

“गाठ बरीच लहान झालीय. ऑपरेशन नीट होईल,” ते म्हणाले. “पण ती खालच्या, शौच रोखून धरणाऱ्या स्नायूत शिरलीय. पिशवी टळत नाही.”

“आणि बोटं?”

“थोडी सुधारतील. पूर्वीसारखी होतीलच असं नाही सांगता येत.”

बाहेरच्या बाकावर लेकीला रडू फुटलं. “मी बोलले नसते तर...”

“वेडी आहेस का? ती आधीच तिथे शिरलेली. तुझ्या बोलण्याने नाही शिरली.” बाईंनी तिचे डोळे पुसले. पदर ओला झाला की नाही, ते त्यांना बघूनच कळलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्स पिशवीची जागा ठरवायला आली. तिने पेनने पोटावर खूण केली. “आता बसा. वाकून बघा.”

बाई बसल्या, वाकल्या. “जरा खाली घ्या. बसलं की इथे घडी पडते.”

नर्सने खूण पुसून खाली केली. बाई पुन्हा बसल्या, वाकल्या, उभ्या राहिल्या.

“आता ठीक आहे,” त्या म्हणाल्या आणि गाऊन नीट खाली ओढून घेतला.